मान, पाठ, पडदा : बारा आठवड्यांच्या प्रकल्प नोंदी

सोमवार, ६ जानेवारी २०२५

काल लेकीनं मला न सांगता माझा फोटो काढला. मी टेबलाशी लॅपटॉपवर प्रुफं वाचत होते, ती दारात उभी होती. "आई, बघ, तू दिवसभर अशी असतेस," म्हणाली. फोटो बाजूनं घेतलेला. कान खांद्याच्या साधारण वर यायला हवा. माझा चांगला चार बोटं पुढे. हनुवटी पडद्याकडे ओढलेली, पाठ वरून गोल, खांदे कानांकडे चढलेले. फोटोतल्या बाईला कुणीतरी हाक मारून उठवावं असं मला वाटलं.

खरं कारण मात्र गेल्या आठवड्यातलं आहे. मागून कुणीतरी बोलावलं आणि मान वळेना. अख्खं धड वळवावं लागलं. दुखत होतं हे मला माहीत होतं, पण वळत नाही हे तेव्हा कळलं, आणि मी घाबरले.

माझं काम मुद्रितशोधनाचं. पूर्वी कागदावर व्हायचं, आता सगळं लॅपटॉपवर. दिवसाचे साधारण नऊ तास. त्यावर संध्याकाळी फोनचे दोनेक तास.

तर हा प्रकल्प ३० मार्चपर्यंत चालवायचा. एका वेळी एकच बदल करायचा, म्हणजे कशानं काय झालं ते कळेल. आणि झालं ते त्याच दिवशी लिहायचं, चांगलं असो वा वाईट.

मोजमापं तीन. रात्री नऊ वाजता मानेचं दुखणं ० ते १० मध्ये किती. दुसरं, मान किती वळते: खुर्ची जमिनीवरच्या खुणेवर, छाती समोर, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर चिकटवलेल्या दहा-दहा कागदी पट्ट्यांपैकी मागची कितवी दिसते. पट्ट्या लेकीनं लावल्या. आज उजवीकडे सहावी, डावीकडे चौथी. तिसरं, न उठता बसण्याचा दिवसातला सगळ्यात लांब पट्टा. आजचं दुखणं ६.

९ जानेवारी

काही सुरू करण्याआधी फिजिओथेरपिस्टकडे जाऊन आले. त्यांनी आधी प्रश्नच विचारले. हातात मुंग्या येतात का, बोटं बधिर होतात का, हातातून वस्तू निसटतात का, चालताना तोल जातो का, रात्री दुखण्यानं जाग येते का, ताप किंवा विनाकारण वजन घटणं, लघवी-शौचावरचा ताबा. माझं प्रत्येकाला "नाही" आलं. यातलं एकही "हो" असतं, तर आधी डॉक्टरांची तपासणी आणि मग खुर्ची-टेबल, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. ही नोंद मुद्दाम ठेवते आहे. माझ्यासारखीच मान धरलेल्या एखादीला हे प्रश्न आधी विचारले गेले पाहिजेत.

मानेचे स्नायू त्यांनी बोटांनी दाबून दाखवले. खांद्याच्या वरच्या कडेचा, मानेतून खांद्याच्या पात्याकडे जाणारा, आणि कवटीच्या तळाशी असलेले बारीक स्नायू. तिन्ही ठिकाणी कळ गेली. "हे स्नायू कमकुवत आहेत की दमलेले आहेत, ते आपण हळूहळू बघू," म्हणाल्या.

१३ जानेवारी

पहिला आठवडा नुसतं मोजलं, बदललं काही नाही. सगळ्यात लांब पट्टा बुधवारी : २ तास ४० मिनिटं. मी तो दिवस "बऱ्यापैकी हालचालीचा" समजत होते.

दुखणं रोज दुपारी तीनच्या सुमारास सुरू होतं आणि रात्रीपर्यंत ५ ते ७ च्या मध्ये राहतं. फक्त शुक्रवारी ३ होतं. शोधत गेले तर त्या दिवशी चार लांबलचक फोन झाले होते, आणि फोनवर बोलताना मी खोलीत येरझाऱ्या घालते. हे लिहून ठेवते.

१५ जानेवारी

पहिला बदल : लॅपटॉप वर उचलला.

लॅपटॉपची अडचण त्याच्या घडणीतच आहे. पडदा आणि कळफलक एका बिजागरीनं जोडलेले. पडदा डोळ्यांच्या पातळीवर आणावा तर हात हवेत जातात. हात कोपराच्या पातळीवर ठेवावेत तर पडदा पोटाशी येतो. १९८२ साली ग्रिड कंपास या लॅपटॉपनं ही घडी घालायची रचना बाजारात आणली, तेव्हापासून ती फारशी बदललेली नाही. उचलून नेण्यासाठी ती उत्तम आहे, नऊ तास एका जागी बसून वापरण्यासाठी नाही. तेव्हा कळफलक आणि माउस वेगळे जोडले आणि लॅपटॉप शब्दकोशाच्या तीन खंडांवर ठेवला. १६ सेंटिमीटर चढला. अंतर हात लांब केल्यावर बोटं टेकतील एवढं.

मग लक्षात आलं, खांदे अजून वरच आहेत. मोजपट्टी घेतली. टेबल ७५ सेंटिमीटर. पाय जमिनीवर सपाट टेकवून, खांदे सैल सोडून बसले तर माझं कोपर येतं ६२ वर. माझी उंची १५५ सेंटिमीटर, आणि हे टेबल माझ्याहून बरीच उंच व्यक्ती डोळ्यासमोर ठेवून केलेलं. म्हणजे इतकी वर्षं मी १३ सेंटिमीटर वर हात ठेवण्यासाठी खांदे उचलून धरत होते, दिवसभर, आणि संध्याकाळी खांदे का भरून येतात याचं नवल करत होते.

टेबलाचे पाय कापता येण्यासारखे नाहीत. म्हणून खुर्ची १३ सेंटिमीटर वर घेतली. आता पाय लोंबकळायला लागले आणि मांडीच्या खालच्या बाजूला खुर्चीची कड रुतायला लागली. पायांखाली १३ सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा ठेवला. कोपर टेबलाशी समपातळीत आलं, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली, खांदे खाली उतरले. खांदे उतरल्याचं जाणवलं ते आधी श्वासात. छाती भरून श्वास आला.

एका वेळी एकच बदल हा नियम पहिल्याच बदलाला मोडला. पण इथे एक गोष्ट हलवली की दुसरी हलतेच. पडदा, हात, बैठक, पाय ही एकच साखळी आहे. तिला एक बदल मानते.

२० जानेवारी

पाच दिवस झाले. मी मनाशी ठरवून ताठ बसते आहे. पोट आत, छाती पुढे, खांदे मागे. दुखणं ६, ६, ७, ६, ७. कमी तर नाहीच, वर आता कमरेच्या मधोमधही रग लागते. पंचवीस मिनिटांत कंटाळून कोसळते आणि मग आधीपेक्षा जास्त पोक काढून बसते.

फिजिओथेरपिस्ट बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "ताठ बसणं हीसुद्धा एक स्थितीच आहे. तुम्ही ती धरून ठेवता आहात. मूठ आवळून तासभर धरली तर हात दुखेल की नाही?"

त्यावर रात्री बरंच वाचत बसले. पाठीच्या चकतीत (दोन मणक्यांमधल्या गादीत) प्रत्यक्ष सुई घालून दाब मोजण्याचं काम स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात केलं. उभं राहण्यापेक्षा बसताना चकतीवरचा दाब जास्त असतो, असं त्यातून निघालं आणि "बसणं वाईट, ताठ बसणं बरं" ही समजूत पक्की झाली. मग १९९९ मध्ये जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेतल्या चकतीत दाबमापक बसवून अख्खा दिवस नोंदी घेतल्या. सैल बसताना दाब उभं असतानाच्या दाबाहून किंचित कमीच निघाला, ०.५ मेगापास्कलच्या जागी ०.४६. माणूस एकच, त्यामुळे त्यावरून सगळ्यांचा निकाल लावता येणार नाही. पण पाठ सैल सोडून बसणं म्हणजे मणक्याचा घात, ही माझ्या मनातली भीती त्या आकड्यांनी सैल केली.

त्याहून मला भिडली ती दुसरी गोष्ट. मोठ्या माणसाच्या चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो. तिला लागणारं पोषण शेजारच्या मणक्यांमधून झिरपत येतं, आणि दाब पडला की तिच्यातलं पाणी बाहेर, दाब सुटला की आत, असं चालू असतं. दिवसभरात ती थोडी पिचते, रात्री आडवं झाल्यावर पुन्हा भरते. सकाळी आपण संध्याकाळपेक्षा एक-दोन सेंटिमीटर उंच असतो तो त्यामुळेच. विल्केंच्या नोंदींमध्येही झोपेच्या सात तासांत चकतीतला दाब ०.१ वरून ०.२४ पर्यंत चढलेला दिसतो. म्हणजे पाठीला दाब नको आहे असं नाही, तिला दाबाची ये-जा हवी आहे. मी पाच दिवस तिला एका नव्या साच्यात कोंडून ठेवलं होतं.

उद्यापासून ताठ बसण्याचा हट्ट बंद. पाठ खुर्चीला टेकवायची, खुर्चीची पाठ थोडी मागे कललेली ठेवायची, आणि बसण्याची तऱ्हा बदलत राहायची. कधी पुढे सरकून, कधी रेलून, कधी एक पाय ठोकळ्यावर आणि एक खाली.

२८ जानेवारी

कमरेची रग गेली. मान मात्र बिघडली. आणि दुखणं नव्या जागी, कवटीच्या अगदी तळाशी, डोळ्यांच्या मागेपर्यंत जाणारं. तीन दिवस कारण सापडेना. सगळी मापं पुन्हा घेतली, सगळी बरोबर.

आज लेकीला सांगितलं, पुन्हा बाजूनं फोटो काढ. फोटोत उत्तर दिसलं. माझी हनुवटी वर उचललेली आहे, जणू मी छताकडे बघत वाचते आहे.

चष्मा! मी दोन वर्षांपासून प्रोग्रेसिव्ह काच वापरते. जवळचं वाचायचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत ठेवा, हा नियम एकाच नंबरातून बघणाऱ्यांसाठी ठीक आहे. माझ्यासारखीला त्या उंचीवरचं अक्षर वाचायचं तर काचेचा खालचा भाग तिथे न्यावा लागतो, म्हणजे डोकं मागे टाकावं लागतं. मी नियम पाळला आणि मान मागे मोडत बसले.

शब्दकोशाचे दोन खंड काढले. पडदा ९ सेंटिमीटर खाली आला आणि थोडा मागे कलवला. हनुवटी आपोआप खाली. (तसाही लॅपटॉपखाली उरलेला खंड दर अर्ध्या तासानं लागायचा आणि प्रत्येक वेळी लॅपटॉप उतरवावा लागायचा. उरलेल्या खंडाच्या जागी आता त्याच जाडीचा रिकामा खोका आहे.)

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे फक्त पडद्याच्या अंतराच्या चष्म्याबद्दल विचारायचं आहे.

३ फेब्रुवारी

आठवड्याचं दुखणं सरासरी ५. पट्ट्या : उजवीकडे सहावी, डावीकडे पाचवी. मांडणी आता जवळपास जमली, तरी फरक एवढाच. दुपारी तीनचा ठणका तसाच येतो.

शुक्रवारच्या त्या चार फोनांकडे परत जाते.

४ फेब्रुवारी

दुसरा बदल : उठणं. दर तीस मिनिटांनी गजर लावला.

८ फेब्रुवारी

गजर चालत नाही. पहिल्या दिवशी अकरा वेळा उठले, काल दोनदा. वाक्याच्या मध्यात गजर झाला की बोट आपोआप त्याला गप्प करतं, मला कळतही नाही. यात माझी इच्छा कमी पडते असं मानायला मी तयार नाही. मुद्रितशोधन म्हणजे एका ओळीवर जीव लावून बसणं. त्या लक्षाला बाहेरून कुणी धक्का मारला तर ते प्रतिकार करणारच. उठण्याचं कारण कामाच्या आतूनच यायला हवं.

म्हणून टेबलावरच्या वस्तू हलवल्या. शब्दकोश पलीकडच्या खोलीत, छातीच्या उंचीच्या फळीवर; शब्द बघायचा तर चालत जायचं आणि उभ्यानं बघायचा. पाण्याची मोठी बाटली बंद, छोटा पेला. फोन आला की उठायचंच, बसून बोलायचं नाही. आणि प्रत्येक प्रकरण संपलं की खिडकीपर्यंत जाऊन यायचं, कारण प्रकरणाच्या शेवटी मन तसंही क्षणभर सैल होतं.

१४ फेब्रुवारी

सहा दिवसांत सगळ्यात लांब पट्टा ५५ मिनिटं. दुखणं ५, ४, ४, ४, ३, ४. तीन वाजता ठणका आला नाही असे दोन दिवस. एवढा फरक महिन्याभरात कशानंच पडला नव्हता.

उठण्याचा फायदा मानेपुरता नाही. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचं जेरी मॉरिस यांचं काम १९५३ मध्ये प्रसिद्ध झालं : दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिना चढ-उतर करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी. पुढे मॉरिस यांनीच गणवेशांची मापं तपासली तेव्हा चालकांची कंबर नोकरीच्या सुरुवातीपासूनच रुंद असल्याचं दिसलं, म्हणजे सगळा दोष खुर्चीच्या माथी मारता येत नाही. स्वतःच्याच निष्कर्षाला असा प्रश्न विचारणारा माणूस मला फार आवडला. अलीकडे, २०२३ मध्ये, कीथ डियाझ आणि सहकाऱ्यांनी अकरा जणांना प्रयोगशाळेत आठ तास बसवून, मध्ये वेगवेगळ्या अंतरानं उठवून पाहिलं. दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं रमतगमत चालणाऱ्यांची जेवणानंतरची रक्तशर्करेची उसळी सलग बसण्याच्या तुलनेत ५८ टक्क्यांनी कमी झाली, रक्तदाबही चार-पाच अंकांनी उतरला. माणसं थोडी आहेत, प्रयोग छोटा आहे. पण पाच मिनिटं चालायला लागतं तरी काय?

माझी चाल अजून दर अर्ध्या तासाला होत नाही. साधारण चाळीस मिनिटांना, दोन-तीन मिनिटं.

२१ फेब्रुवारी

वाईट आठवडा. एक मोठं पुस्तक छापायला जायचं होतं. मंगळवारी सलग ३ तास १० मिनिटं बसले, शब्दकोश पुन्हा टेबलावर आणला, रात्री साडेबारापर्यंत काम. दुखणं ७. पट्ट्या मोजल्या नाहीत.

पुस्तक गेलं. शब्दकोश परत फळीवर.

२२ फेब्रुवारी

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा सवयींवरचा २०१० चा अभ्यास वाचला. एखादी रोजची कृती आपसूक व्हायला लागलेल्या दिवसांचा मध्यक ६६, म्हणजे निम्म्या लोकांना त्याहून कमी दिवस लागले, निम्म्यांना जास्त. कुणाला १८, कुणाला अंदाजे २५४. आणि मधली एखादी संधी चुकल्यानं सवय रुजण्यात लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. कालच्या आठवड्यानंतर हे वाचून मला धीर आला. सोमवारपासून पुढे चालू.

२६ फेब्रुवारी

डोळे. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, ते मी वयावर ढकललं होतं. लेकीला घड्याळ दिलं आणि मी काम करत असताना, मी विसरून गेल्यावर, पापण्या मोजायला सांगितल्या. प्रूफ वाचताना मिनिटाला ६. तिच्याशी गप्पा मारताना १८.

जपानमधल्या त्सुबोता आणि नाकामोरी यांनी १९९३ मध्ये हेच मोजलं होतं : निवांत असताना मिनिटाला सरासरी २२, पुस्तक वाचताना १०, पडद्यासमोर ७. पापणी मिटली की अश्रूंचा पातळ थर डोळ्यावर नव्यानं पसरतो. मिटलीच नाही तर तो थर फाटतो, डोळा कोरडा पडतो. शिवाय पडदा उंच असला की डोळा जास्त उघडा राहतो आणि आणखी सुकतो. म्हणजे चष्म्यासाठी पडदा खाली घेतला त्याचा फायदा डोळ्यांनाही झालेला असणार.

दूर बघण्याचा नियम प्रसिद्ध आहे : वीस मिनिटांनी, वीस सेकंद, वीस फुटांवर, म्हणजे साधारण सहा मीटर. गजराची गत काय होते ते मला माहीत आहे, म्हणून मी तो पानाला जोडला. पान उलटलं की खिडकीबाहेरच्या झाडाचा शेंडा बघायचा आणि दहा वेळा पापण्या पूर्ण, खालची कड वरच्या कडेला लागेपर्यंत मिटायच्या. माझी पापणी बरेचदा अर्धीच मिटते, हेही लेकीनंच सांगितलं.

टेबल खिडकीला काटकोनात फिरवलं. आधी खिडकी पाठीमागे होती; पडद्यावर तिचं प्रतिबिंब पडायचं आणि ते चुकवायला मी डावीकडे कलून वाचायचे. डावी बाजू जास्त आखडलेली का, याचं एक कारण बहुधा इथेच असावं.

२ मार्च, रविवार

फोन. हे पान मी लांबवत आले होते.

माणसाच्या डोक्याचं वजन साधारण साडेचार ते साडेपाच किलो. मान पुढे वाकली की मानेवरचा भार वाढत जातो. केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये संगणकावरच्या प्रतिमानातून काढलेले आकडे सगळीकडे फिरतात : १५ अंशांना सुमारे १२ किलो, ३० ला १८, ६० ला २७. हे जिवंत मानेवर मोजलेलं नाही, गणित आहे. आणि मान वाकण्यासाठीच असते, तिला वाकवलं म्हणून ती मोडत नाही. तरी तासभर ६० अंशांत राहून बघितलं की भाराचा अर्थ स्नायूच सांगतात.

एका आठवड्याची नोंद ठेवली. दिवसाला सरासरी २ तास ५ मिनिटं, त्यातली पाऊण तास अंथरुणात, कुशीवर, एका हातानं फोन धरून. माझं रात्रीचं नऊचं माप या पाऊण तासाच्या आधीचं होतं. सकाळी मान का आखडलेली असते, ते कोड्यात पडून मी उशा बदलत होते.

आता फोन रात्री बाहेरच्या खोलीत, तिथेच चार्जिंगला. सकाळी उठवायला साधं गजराचं घड्याळ. लांब मजकूर आला तर तो फोनवर वाचायचा नाही, दुसऱ्या दिवशी पडद्यावर. दिवसा फोन वापरताना एक हात छातीशी आडवा, त्यावर फोनच्या हाताचं कोपर. फोन चेहऱ्यापर्यंत येतो आणि हात दमत नाही. लांब उत्तरं बोलून टाइप करते. नोटिफिकेशनमध्ये माणसांचे निरोप ठेवले, बाकी सगळं बंद.

८ मार्च

पहिल्या तीन रात्री हात सवयीनं उशाशी फोन शोधत होता. चौथ्या रात्री पुस्तक घेतलं. झोप साधारण अर्धा तास लवकर लागते. पडद्याच्या प्रकाशातला निळा भाग शरीराच्या रात्रीच्या घड्याळाला मागे ढकलतो हे खरं, पण माझ्या बाबतीत प्रकाशाइतकाच मोठा वाटा मजकुराचा असावा. रात्री अकरा वाजता कामाचा निरोप वाचला की डोकं पुन्हा टेबलाशी जाऊन बसतं.

सकाळची मान मोकळी. सलग पाच दिवस.

९ मार्च

फिजिओथेरपिस्ट बाईंकडे दुसरी फेरी. मान तपासून म्हणाल्या, "आता दमलेली वाटत नाही. आता ताकद वाढवू." दमलेल्या स्नायूला आधी विश्रांती आणि मग भार, हा त्यांचा क्रम मला पटला. पहिल्याच दिवशी व्यायाम दिले असते तर मी आठवड्यात सोडले असते.

चार दिले. भिंतीला पाठ लावून हनुवटी सरळ मागे ढकलायची, पाच सेकंद धरायची, दहा वेळा. रबरी पट्टा दाराच्या मुठीला अडकवून दोन्ही कोपरं मागे ओढायची, पाती एकमेकांकडे आणत, बारा वेळा, दोन फेऱ्या. खुर्चीच्या पाठीच्या वरच्या कडेवरून छातीच्या मागचा कणा हलकेच मागे वाकवायचा, आठ वेळा. आणि टाचा उचलून खाली, वीस वेळा, पोटऱ्या चालत्या ठेवण्यासाठी. एकूण दहा मिनिटं, आठवड्यात चार दिवस. शिवाय भराभर चालणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. माझी चाल सध्या आठवड्याला ९० मिनिटं.

१७ मार्च

उभ्यानं काम करून पाहिलं. लॅपटॉप शब्दकोशाच्या फळीवर, दोन दिवस. सकाळी छान वाटलं, दुपारी टाचा आणि कंबर दुखली; एका गुडघ्यावर भार टाकून तिरकी उभी राहायला लागले. उभं राहून स्थिर राहणं हेही स्थिर राहणंच. निरोपांची उत्तरं द्यायला, फोनवर बोलायला, एखादी गोष्ट चाळायला फळी ठीक. प्रुफं बसूनच. वेगळं उंच-ठेंगणं होणारं टेबल घ्यायचा विचार सोडून दिला.

पडद्याच्या अंतराचा नवा चष्मा आला. आता नजर काचेच्या मधूनच पडते. पडदा पुन्हा ४ सेंटिमीटर वर घेतला, हनुवटी तपासली. ठीक.

२४ मार्च

दुखणं सलग नऊ दिवस ३ किंवा कमी. काल संध्याकाळी मान आहे हेच विसरले होते, रात्री नोंद करायला बसले तेव्हा आठवलं.

चाल १४० मिनिटं.

रविवार, ३० मार्च

शेवटची मोजणी. दुखणं २. पट्ट्या : उजवीकडे आठवी, डावीकडे सातवी. आठवड्यातला सगळ्यात लांब बसण्याचा पट्टा ५० मिनिटं. पापण्या मिनिटाला ११.

मग लेकीनं फोटो काढला. त्याच दारातून, मी प्रुफात गुंतलेली असताना. दोन्ही फोटो शेजारी ठेवून आम्ही बराच वेळ बघितले. खांदे उतरलेले स्पष्ट दिसतात. पण कान अजून पुढेच आहे; चार बोटांचा तीन झाला असेल, तेवढंच. पाठीचा गोलवाही जवळपास तसाच. लेक जरा हिरमुसली. "म्हणजे काहीच झालं नाही?" तिनं विचारलं.

मी खुर्चीत बसूनच, धड न हलवता, मान वळवून तिच्याकडे बघितलं. ती माझ्या डाव्या खांद्यामागे उभी होती. जानेवारीत मला तिथलं काही दिसत नव्हतं.

मीही आधी फोटोच सुधारायला निघाले होते. त्यात पहिले पंधरा दिवस गेले आणि दुखणं वाढलं. मान सुटली ती उठल्यामुळे, शब्दकोश दूर ठेवल्यामुळे, फोन दुसऱ्या खोलीत गेल्यामुळे. फोटो एका क्षणाचा असतो आणि मी आता त्या स्थितीत पन्नास मिनिटांपेक्षा जास्त नसते, हे फोटोत कसं दिसणार?

पुढचं : व्यायाम चालू ठेवायचे, चाल १५० च्या वर न्यायची, जूनमध्ये पट्ट्या पुन्हा मोजायच्या. पट्ट्या भिंतीवरून काढायच्या नाहीत.

संध्याकाळी लेक मोजपट्टी घेऊन आली. तिच्या अभ्यासाच्या टेबलाची उंची ७५, तिचं कोपर ६४. ठोकळा ११ सेंटिमीटरचा लागेल. उद्या करायचा.